मागची वाटी

“पप्पा, परत एकदा फिरवा ना.”

भगवान हिवराळेने डाव्या हातात मोबाइल धरला आणि उजव्या हाताने चंद्र ढकलला. छताच्या साखळीला टांगलेला सहा फुटी चंद्र कुरकुरत वळला.

“थांबा, थांबा. ससा दिसला. आता अजून अर्धा.”

भगवानने अजून अर्धा फिरवला. ससा परत आला.

व्हिडिओ कॉलवर शुभदाने चेहरा पडद्याजवळ आणला. शेजारच्या गाळ्यातलं पत्रा कापायचं मशीन सकाळपासून ओरडत होतं. ते नेमकं त्याच वेळी थांबलं.

“आवडला का?” भगवानने विचारलं.

“पप्पा, दोन्हीकडे ससा आहे.”

“हाय की. फिरता ठिवनार म्हनले ना शाळावाले. मग दोन्हीकडून दिसायला नको?”

“मागे ससा नसतो, पप्पा. मागची बाजू पूर्ण वेगळी असते. ती आपल्याला इथून कधीच दिसत नाही, म्हणून तर हा चंद्र करून घेतोय आपण. मी दोन शीट पाठवल्या होत्या. एक समोरची, एक मागची.”

भगवानला दुसरी शीट आठवली. त्याबरोबर आपण तिचं काय केलं तेही आठवलं. त्याने मोबाइल उगाच दुसऱ्या हातात घेतला.

“चार वाजता उद्घाटन आहे,” शुभदा म्हणाली. तिचा आवाज एकदम हळू झाला होता. स्टाफरूममध्ये कुणीतरी आलं असावं. “डॉक्टर वामनराव येतायत. त्यांनी आयुष्यभर चंद्रावरच काम केलंय. दोन मिनिटांत ओळखतील. आणि माझा फोन आठ वाजता कपाटात जमा होतो, तो दीड वाजता हातात येणार. मला काही पाठवता येणार नाही आता. ती शीट बघा, प्लीज. काहीतरी करा.”

“करतो. तू टेन्शन घिऊ नको.”

“ठेवते,” असं म्हणून ती थांबली आणि मग स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ओके, थँक यू, मग दुपारी माल पोचवा.”

गोजरा फायबर वर्क्स हे नाव ऐकून मोठा कारखाना डोळ्यांपुढे येतो, तो येऊ देऊ नये. पावण्याच्या एमआयडीसीत मागच्या गल्लीत एक गाळा, त्यात एक मालक, एक कारागीर आणि एक घासकाम करणारी बाई, एवढंच ते वर्क्स. मालक हरेश पाटील. त्याच्या आजोबांची भातखाचरं ज्या जमिनीत होती त्याच जमिनीवरचा हा गाळा, आणि गोजरा हे त्याच्या आईचं नाव. बागांमध्ये कचरा टाकायला जे पेंग्विन तोंड वासून उभे असतात त्यातले बरेचसे इथले. कारागीर भगवान. जालन्याकडून आला तेव्हा सव्वीसचा होता, आता सत्तावन्नचा आहे. या काळात त्याने पेंग्विन, घसरगुंड्या, झाडाच्या बुंध्यासारखी दिसणारी बाकं आणि लग्नाच्या हॉलसाठी हत्ती केले. लोक पेंग्विनच्या तोंडात केळ्याची सालं घालतात. ते कुणी केले असं कुणीच विचारत नाही. भगवानचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

फायबरच्या मालाला दोन बाजू असतात. साच्याला चिकटलेली बाजू गुळगुळीत निघते. ती गिऱ्हाइकाची. आतली खरखरीत राहते, काचेच्या केसांनी भरलेली. ती कामगाराची. ते केस कपड्यांत शिरतात आणि मग दिवसभर अंग खाजतं. शुभदा चौथीत असताना तिच्या शाळेच्या फ्रॉकबरोबर चुकून भगवानचा शर्ट धुतला गेला. दिवसभर पोरगी वर्गात अंग खाजवत बसली आणि बाईंनी तिला अंघोळ करून यायला सांगितलं. त्या दिवसापासून दिघ्याच्या त्यांच्या खोलीत भगवानची बादली वेगळी झाली. जाईबाईने, म्हणजे शुभदाच्या आईने, त्या बादलीवर खिळ्याने फुली मारली. भगवान कामावरून आला की लेक दोन हात लांबूनच बोलायची. ते प्रेमानेच होतं, आणि दोघांच्याही अंगवळणी पडलं.

आता शुभदा सीवूड्सच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर राहत होती. दोन वर्षांचा करार या महिन्यात संपत होता. शाळेच्या आवारात ‘खगोल कोपरा’ करायची कल्पना तिची. तो नीट झाला तर कायम करू, असं मुख्याध्यापिका नमिता मॅडमनी सांगितलं होतं, आणि त्या सांगतात ते करतात अशी त्यांची ख्याती होती, ठेवण्याबाबत आणि काढण्याबाबतही. चंद्रासाठी तीन दरपत्रकं आली. गोजराचं सगळ्यांत कमी होतं आणि काम सगळ्यांत चांगलं होणार हे तिला माहीत होतं. कसं माहीत, हे तिने सांगितलं नाही. शाळेचा एक छापील कागद होता: पुरवठादाराशी आपलं काही नातं आहे काय? तिने ‘नाही’वर खूण केली. नातं हरेश पाटलाशी नव्हतंच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. खरं होतं का, हे कागदाने विचारलं नव्हतं.

त्यानंतर तिने सगळं रीतसर केलं. बोलणं हरेशशी, ई-मेल हरेशला, दोन शीटचा लिफाफा हरेशच्या नावाने. वडिलांशी त्या विषयावर एक अक्षर नाही. “मॅडम तुमची कोनी लागत नाय, मी इसारलू,” असं म्हणत हरेशने लिफाफा भगवानच्या हातात दिला होता.

पहिली शीट बरोबर होती. तिच्यावर ससा होता. दुसरी शीट भगवानने उजेडात धरून पाहिली. ससा नाही, हरीण नाही, काळे डाग नाहीत, नुसते देवीचे व्रण आल्यासारखे खड्डेच खड्डे. प्रिंटरची शाई संपत आली असणार, असं त्याचं मत पडलं. हरेशचंही तेच पडलं. पंधरा वर्षांत कशावरही एकमत न झालेल्या त्या दोघांचं एकमत झालं तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. लेकीला विचारावं असं भगवानच्या मनात येऊन गेलं, पण कामाच्या बाबतीत फोन करायचा नाही असं ठरलेलं होतं. आणि गोल वस्तूचा नियम एकतीस वर्षं एकच आहे: साचा एक, त्यातून दोन वाट्या काढायच्या, कमरेत जोड द्यायचा. फुटबॉल असाच होतो. चंद्रही तसाच झाला.

“शीट कुटंय?” भगवानने विचारलं.

“कंची?” सुंदराबाई म्हणाली. ती खाली बसून एका पेंग्विनच्या पोटाला पॉलिश पेपर मारत होती. साठीची, पावणे गावचीच. हरेशला तिने लहानपणी नागडा हुंदडताना पाहिलेला असल्यामुळे त्याला शेठ म्हणणं तिला जमत नसे.

“दुसरी. खड्ड्यांची.”

“ती? ती तर तुमीच मसाल्याच्या डब्याखाली टाकली की.”

मसाला म्हणजे रेझिन आणि पावडर कालवून केलेलं लुकण. त्यात हार्डनरचे थेंब पडले की ते पंधरा मिनिटांत दगड होतं. टेबल खराब होऊ नये म्हणून डब्याखाली कागद लागतो. भगवानने डबा उचलला. कागद टेबलाला चिकटला होता. पातळ पट्टी घालून त्याने तो हळूहळू सोडवला. एक कोपरा टेबलावरच राहिला, बाकीचा हातात आला. त्यावर चंद्राची मागची बाजू होती आणि गेल्या तीन आठवड्यांत सांडलेले थेंब होते.

साडेआठला हरेश आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, चंद्र दोनदा फिरवून बघितला आणि दोन्ही वेळा सशाकडे बघून मान हलवली.

“सोपं हाय. मागच्या सशावर राखाडी रंग मारा. ससा गेला. झालं काम.”

“रंग मारून खड्डे येनार हायत का, शेठ?”

“अहो, मागं कोन बघतो? चार वाजता फीत कापनार, फोटो काढनार, वडे खानार. चांद बघायला कोन येतंय का तितं?”

“फिरनार हाय ते. खाली मोटर तुमीच लावली.”

“मोटर काय, बंद बी पडते.” हरेशने खिशातून मोबाइल काढला. “थांबा, नेटवर बघू. कागद कशाला पायजे?”

नेटवर चंद्राची मागची बाजू पुष्कळ होती. पहिल्या चित्रात ती निळी, हिरवी आणि लाल होती, पावाला जॅम आणि चटणी एकदम लावल्यासारखी. ते उंची-खोलीचे रंग आहेत हे खाली लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. दुसऱ्या ठिकाणी एक माणूस घाईघाईने सांगत होता की तिकडे परग्रहवाल्यांचा तळ आहे आणि सरकारं आपल्यापासून लपवतात. तिसऱ्यात तळाच्या जागी मंदिर होतं.

“आपल्याला दिसत नाय म्हनून काय वाट्टंल ते आसंल काय तितं?” सुंदराबाई म्हणाली. “बंद कर तो फोन, हरेश. कागद बरा.”

कागदच धरायचा असं ठरलं. टेम्पो दीड वाजता येणार होता. भगवानने मागच्या वाटीवर ग्राइंडर लावला. तीन आठवडे ज्या सशाची कानशिलं त्याने कानाकोपऱ्यातून घासली होती तो सव्वानवापर्यंत धूळ होऊन खाली पडला. पांढरी धूळ नाकातोंडात, भुवयांत, मानेत गेली. मग खड्डे. साचा नव्हता, साच्याला वेळ नव्हता. मसाल्याचा थर लावायचा, घट्ट व्हायच्या आत त्यात काहीतरी गोल दाबायचं आणि कड उठवायची. काहीतरी गोल म्हणजे काय, याचा शोध सुरू झाला. चहाचे ग्लास आले. रंगाच्या डब्यांची झाकणं आली. हरेशच्या गाडीच्या चाकाची टोपी आली, हरेशच्या देखत.

“ती माजी जेवनाची वाटी हाय!” सुंदराबाई ओरडली.

“दुसरी आनून देतो, मावशी.”

“आनतील! आता तुमच्या चांदावर बोंबलाचा वास येल, मंग सांगा त्या सायन्सवाल्याला.” असं म्हणत तिने पिशवीतली दुसरी वाटीही काढून दिली आणि हातातल्या दोन बांगड्या उतरवल्या. “बारीक खड्ड्यांना ह्या घ्या. काचेच्या नायत, दाबा निस्त्या.”

साडेदहापर्यंत अर्धी वाटी झाली. भगवान कागदाकडे बघे, बोट ठेवी, मग वाटीवर तीच जागा शोधून दाबे. सुंदराबाई ब्रशने कडा ओढी. हरेश दर दहा मिनिटांनी वेळ सांगत होता, जणू घड्याळ फक्त त्याच्याकडेच होतं.

“अकरा झाले, भगवानभाव.”

“हूं.”

“रंग सुकायला तास तरी पायजे.”

“हूं.”

“तुमच्या पोरीचं काम हाय म्हनून बोलतो, नायतर मना काय.”

भगवानने झटक्यात वळून पाहिलं. हार्डनरची बाटली कलंडली आणि जिथे चार टोपणं पडायची तिथे आठदहा पडली. त्याला ते कळलं, पण घमेलं भरलेलं होतं आणि खालचा मोठा खड्डा बाकी होता. त्याने तो मसाला तसाच उचलला आणि थापला. चाकाची टोपी दाबेपर्यंत जास्तीच्या हार्डनरने मसाला तापला. वाफ निघाली, मग धूर. भगवानने टोपी ओढून काढली तेव्हा तळव्याची कातडी तिच्या कडेला लागून आली, आणि चंद्राच्या दक्षिणेला वीतभर लांब तडा कड् असा आवाज करून गेला.

“जल्लं मेलं!” सुंदराबाई उठली. तिने त्याचा हात धरून पाण्याच्या बादलीत घातला. “हरेश, तू भायेर जा. जा बोलते ना. आन परत टायम सांगायला आत आलास तर ह्याच मसाल्यात तुजं टाळकं दाबीन.”

मालक बाहेर गेला.

तडा छिन्नीने पोखरून काढला, पुन्हा भरला. त्यात पाऊण तास गेला. भगवानने तळव्याला फडकं बांधलं आणि डाव्या हाताने राहिलेले खड्डे केले. साडेबाराला त्याने शेवटची बांगडी दाबली. एकला रंग झाला. दोन पंखे लावून वाटी सुकवायला ठेवली, तेव्हा पहिल्यांदा दोघं लांब जाऊन उभे राहिले.

“लई ओबडधोबड दिसतंय,” भगवान म्हणाला.

“मागची बाजू हाय,” सुंदराबाई म्हणाली. “अजून कशी दिसनार?”

टेम्पोत निळ्या ताडपत्रीखाली चंद्र बांधला होता आणि त्याला टेकून भगवान बसला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी हरेश. सानपाड्याच्या सिग्नलला हवालदाराने काठी दाखवली.

“काय आहे आत?”

“चांद हाय, सायब,” हरेशने सांगितलं.

हवालदाराने ताडपत्री उचलून पाहिली, बराच वेळ विचार केला आणि मोबाइल काढून स्वतःचा चंद्राबरोबर फोटो घेतला. तेवढ्यात भगवानच्या मोबाइलवर शुभदाचा मेसेज आला. दीड वाजून गेला होता. कपाट उघडलं होतं. मेसेजमध्ये चित्र होतं: मागची बाजू, स्वच्छ, एकही थेंब न पडलेली.

टेम्पो पाम बीच रोडला लागला. भगवानने ताडपत्रीत डोकं घातलं. एका हातात मोबाइलचं चित्र, समोर वाटी. एकेक खड्डा तो जुळवत गेला. बहुतेक जुळले. डाव्या अंगाला, कमरेच्या जरा वर, तीन खड्डे एका रेषेत होते. चित्रात तिथे काहीच नव्हतं.

त्याने खिशातला कागद काढला. कागदावर ते होते. त्याने नखाने एक खरवडला. तो निघून आला. रेझिनचा थेंब होता.

“शेठ,” त्याने मागच्या खिडकीतून हाक मारली. “गाडी फिरवा. तीन खड्डे जास्तीचे पडलेत.”

हरेशने मागे वळून पाहिलं. “जास्तीच पडले ना? कमी तर नाय? मग बसा गप.”

शाळेच्या आवारात ‘चला चंद्रावर!’ असा फलक लागला होता. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो चंद्राच्या दुप्पट होता. साडेतीनला चंद्र खांबावर चढला. मोटरचं बटण खांबाच्या मागे, भिंतीच्या बाजूला होतं. तिथे उभं राहायचं काम भगवानकडे आलं. शुभदा दोनदा जवळून गेली. निळी सुती साडी, छातीवर नावाची पट्टी, हातात यादी. पहिल्यांदा जाताना तिने चंद्राकडे पाहिलं. दुसऱ्यांदा तिची नजर भगवानच्या हाताच्या फडक्यावर थांबली आणि लगेच यादीवर गेली.

“सगळं ओके आहे ना?” तिने यादीला विचारलं.

“ओके हाय, मॅडम,” भगवान म्हणाला. तीन खड्ड्यांचं त्याला सांगायचं होतं, पण पलीकडून दोन शिक्षिका येत होत्या.

चारला डॉक्टर वामनराव आले. काठी टेकत, हळूहळू, पांढरा शर्ट आणि पायात सँडल. फीत कापली. भगवानने बटण दाबलं. चंद्र फिरू लागला, टाळ्या झाल्या आणि फोटोग्राफर ओरडला, “अरे थांबवा ते! हलतंय सगळं, फोटो येत नाही!”

“हो हो, बंद करा,” नमिता मॅडम म्हणाल्या. “मून असा राहू दे. ससा दिसतोय ना? पर्फेक्ट.”

भगवानने बटण बंद केलं. ससा पाहुण्यांकडे आणि मागची वाटी भिंतीकडे. सकाळपासून केलेल्या कामासमोर आता तो एकटाच उभा होता. त्याला हायसं वाटलं. आणखीही काहीतरी वाटलं, पण हायसं वाटलेलं पुरे होतं.

पुढे भाषणं झाली. ज्यांनी हा चंद्र घडवला त्या श्री. हरेश पाटील यांना रोपाची कुंडी देण्यात आली. हरेशने ती घेतली आणि मागे, चंद्राच्या दिशेने, कुंडी उंचावून दाखवली. भगवानला ती दिसली नाही. मध्ये चंद्र होता.

वडे आले तेव्हा काठीचा आवाज जवळ आला. डॉक्टर वामनराव खांबाला वळसा घालून मागे येत होते. त्यांच्यामागे, पाहुणा एकटा कसा सोडायचा म्हणून, नमिता मॅडम, आणि मॅडम निघाल्या म्हणून शुभदा.

“सर, फोटो समोरून छान येतो,” मॅडम म्हणाल्या.

“समोरची बाजू मी घरूनही बघतो,” वामनराव म्हणाले.

ते वाटीसमोर उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला. बघता बघता मिनिट गेलं. त्यांनी काठीचं टोक एका खड्ड्याजवळ नेलं, मान हलवली, पुढच्याजवळ नेलं. काठी डाव्या अंगाला आली. कमरेच्या वर. थांबली.

“ही तीन विवरं इथे कुठून आली?”

शुभदाने पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“काही चूक आहे का, सर?” नमिता मॅडमचा आवाज गोड झाला. “शुभदा, तू चेक केलं होतंस ना सगळं?”

“साहेब, माजी चूक हाय ती,” भगवान पुढे आला. “मॅडमनी कागद बरोबर दिला होता. आमच्याकडं त्याच्यावर थेंब सांडले. ते मला खड्डे वाटले. मॅडमचा काय संबंध न्हाई.”

वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. भुवयांतली पांढरी धूळ, हाताचं फडकं. “मागची बाजू हाताने केलीय ही. साच्यातली नाही.”

“हा, साहेब.”

“केव्हा?”

“आज सकाळी.”

म्हाताऱ्याने परत एकदा त्या तीन खड्ड्यांकडे पाहिलं. मग त्याने काठी खाली टेकवली. “राहू द्या ही तीन. उल्का काही नकाशा बघून पडत नाहीत.” तो हसला, पण बाकी कुणी हसलं नाही. “नाव काय तुमचं?”

“भगवान.”

“पूर्ण नाव सांगा. मला लिहून घ्यायचंय.” त्याने खिशातून छोटी वही काढली.

भगवानची नजर शुभदाच्या नावाच्या पट्टीवर गेली. पट्टीवर मोठ्या अक्षरांत आडनाव होतं. तिथून त्याने नजर उचलली आणि जमिनीवर ठेवली.

“नुस्तं भगवान, साहेब. सगळे तेवढंच म्हनतात.”

“अहो, आडनाव असेल की काहीतरी.”

“आडनाव काय करायचंय, साहेब. मॅडमना उशीर होतोय, पावने थांबलेत.”

वामनरावांचं पेन वहीवर थांबलेलं होतं. नमिता मॅडम घड्याळ बघत होत्या. पलीकडे कुणीतरी हरेशला कुंडीबरोबर उभं करून फोटो काढत होतं.

“हिवराळे,” शुभदा म्हणाली. “भगवान किसन हिवराळे.”

पेन चाललं. हिवराळे लिहून झाल्यावर वामनरावांनी नजर वर केली, ती पट्टीपर्यंत आली आणि तिथून शांतपणे पुन्हा वहीत गेली. नमिता मॅडमचीही तीच वाट होती, पण त्यांची नजर पट्टीवरून परत आली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं फोटोसाठीचं हसू तसंच राहिलं.

“वडील?”

“हो, मॅडम.”

“तू त्या कागदावर सही केली होतीस.”

“हो, मॅडम.”

“सोमवारी दहाला माझ्या केबिनमध्ये ये.” मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. “सर, चला ना, वडे गार होतायत.”

“येतो,” वामनराव म्हणाले. “पण आधी हे फिरवा. मुलांनी मागची बाजू अजून बघितलीच नाही.”

मॅडम काही म्हणायच्या आत भगवानने बटण दाबलं. खांब घुरघुरला. मागची वाटी भिंतीकडून हळूहळू निघाली आणि पलीकडे, लोकांकडे गेली. “अरे, ससा कुठे गेला?” असं एक मूल ओरडलं. मग मुलं धावत खांबाजवळ आली आणि त्यांचा गलका उठला. वामनराव काठी टेकत त्यांच्याकडे निघाले. मॅडम त्यांच्यामागे गेल्या.

मागे बाप आणि लेक राहिले. त्यांच्यासमोर आता ससा आला होता.

“कशाला सांगितलंस?” भगवान म्हणाला. “सोमवारचं काय?”

“सोमवारी बघू.” तिने त्याचा हात घेतला, फडक्याची गाठ सोडली आणि तळवा उलटा करून पाहिला. “ह्याला काय लावलं?”

“पानी. आगं, लांब उभी ऱ्हा, सगळे केस हायत अंगावर. साडी खाजंल दिवसभर.”

तो अर्धं पाऊल मागे सरकला. शुभदाही अर्धं पाऊल सरकली, आणि पदराच्या टोकाने त्याच्या तळव्यावरची पांढरी धूळ पुसत राहिली.

चंद्र वळला. तीन खड्डे त्यांच्यासमोरून गेले.